बत्तिसाव्या सेकंदाचे मौन : इंटरनेट दूरध्वनीची संकेतभाषा आणि तिच्या अंमलबजावणीतील अडचणी

१. प्रास्ताविक

बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित करण्याचे काम आमच्या विभागात बरीच वर्षे चालू आहे. निवेदकाच्या गावी जाऊन मुद्रण करणे हीच त्याची मुख्य रीत होय. परंतु पुढे शंकानिरसनासाठी त्याच गावी पुन्हा पुन्हा जाणे शक्य नसते. म्हणून निवेदकांनी ठरलेल्या वेळी विभागाच्या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि आम्ही तो मुद्रित करून घ्यावा, अशी व्यवस्था केली होती. मध्यंतरी विभागातील जुना दूरध्वनी जाऊन त्याच्या जागी इंटरनेटवरून चालणारे एक छोटे एक्स्चेंज आले, आणि एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. निवेदक बोलू लागे, आवाज स्वच्छ येई, आणि अर्धे मिनिट उलटते न उलटते तोच संभाषण तुटे. घड्याळ लावून पाहिले तेव्हा असे दिसले की, ते प्रत्येक वेळी बत्तिसाव्या सेकंदालाच तुटत आहे. दक्षिण कोकणातील एका वृद्ध बाईंनी तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्यांदा केला नाही. आपले बोलणे ऐकण्याजोगे नाही म्हणून विभागातील मंडळी फोन ठेवून देतात, असा त्यांचा समज झाल्याचे मागाहून कळले. आम्ही मात्र त्यांच्या गावच्या नेटवर्कला दोष देत होतो.

या दोषाचा शोध घेताना प्रस्तुत लेखकास जे वाचावे लागले, त्यातून त्याची अशी खात्री झाली की, हा विषय केवळ यंत्रविद्येचा नाही. दोन यंत्रांनी परस्परांशी बोलावे म्हणून माणसांनी एक भाषा रचली. तिला शब्दसंग्रह दिला, व्याकरण दिले, संभाषणाचे शिष्टाचार दिले. आणि मग ती भाषा प्रत्येक कारखान्याने आपापल्या परीने शिकून घेतली. भाषा शिकताना माणसांच्या ज्या चुका होतात, जवळजवळ त्याच चुका येथेही झालेल्या आहेत. या भाषेचा परिचय करून देणे व तिच्या अंमलबजावणीतील प्रमुख अडचणींची उकल करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२. संकेतन म्हणजे काय

दूरध्वनीच्या व्यवहाराची दोन अंगे आहेत. एक, प्रत्यक्ष आवाजाचे वहन; दुसरे, ते वहन सुरू होण्यापूर्वी, चालू असताना व संपताना करावी लागणारी बोलणी. कोणाला बोलवायचे आहे, तो कोठे आहे, घंटा वाजू लागली की नाही, त्याने फोन उचलला की नाही, आवाज कोणत्या पद्धतीने पाठवायचा, संभाषण संपले हे कसे कळवायचे, या सर्व बोलण्यांना मिळून संकेतन म्हणतात. मुंबईत १८८२ साली पहिले एक्स्चेंज सुरू झाले तेव्हा हे संकेतन तेथे बसलेला माणूस करीत असे. तो क्रमांक विचारी, दोर जोडी, आणि गफलत झाल्यास पुन्हा विचारी. माणसाची जागा यंत्राने घेतल्यावर संकेतन यांत्रिक झाले. परंतु यंत्रे, तारा व नियम ही सर्व दूरध्वनी-संस्थांच्या ताब्यात होती आणि शहाणपण मध्यवर्ती एक्स्चेंजमध्ये साठविलेले होते. ग्राहकाच्या हातातील उपकरण जवळजवळ मुकेच असे.

इंटरनेटची घडण याच्या उलट आहे. तेथे मधले जाळे केवळ पॅकेटे पुढे ढकलते. शहाणपण दोन टोकांच्या यंत्रांत असते. अशा जाळ्यावर दूरध्वनी चालवावयाचा तर टोकाच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ साली एच.३२३ या नावाचा नियमसंच मान्य केला. तो जुन्या दूरध्वनीच्या परंपरेतला होता. त्याचे संदेश दाबून बसविलेल्या अंकांच्या स्वरूपात असत व माणसाला ते सहज वाचता येत नसत. त्याच वर्षी इंटरनेटच्या संशोधकांपुढे दोन वेगळे मसुदे आले. एक मार्क हँडली व ईव्ह स्कूलर यांचा, दुसरा हेनिंग शुल्झरिन यांचा. दोहोंच्या मीलनातून ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘सिप’, ही संकेतभाषा तयार झाली. तिचा पहिला अधिकृत पाठ आर.एफ.सी. २५४३ या क्रमांकाने मार्च १९९९ मध्ये व सुधारलेला पाठ आर.एफ.सी. ३२६१ या क्रमांकाने जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा दुसरा पाठच आजही पायाभूत मानला जातो. एकट्या त्या पाठाची पृष्ठसंख्या २६९ असून, त्यानंतर त्याला दुरुस्त्यांची व पुरवण्यांची मोठी मालिका जोडली गेली आहे.

हँडली व स्कूलर यांच्या मूळ मसुद्याच्या नावात ‘इनिशिएशन’ म्हणजे आरंभ हा शब्द नव्हता. ‘इन्व्हिटेशन’ म्हणजे निमंत्रण हा होता. नाव बदलले तरी मूळ कल्पना टिकून आहे. सिपमध्ये कोणी कोणाला ‘जोडत’ नाही. एक यंत्र दुसऱ्याला निमंत्रण धाडते आणि दुसरे ते स्वीकारते किंवा नाकारते.

३. शब्द आणि व्याकरण

सिपचे संदेश साध्या लिपीत लिहिलेले असतात. २००२ च्या पाठात सहा क्रियापदे आहेत. ‘इन्व्हाइट’ म्हणजे निमंत्रण, ‘अ‍ॅक’ म्हणजे पोच, ‘बाय’ म्हणजे निरोप, ‘कॅन्सल’ म्हणजे निमंत्रण मागे घेणे, ‘रजिस्टर’ म्हणजे आपला ठावठिकाणा नोंदविणे आणि ‘ऑप्शन्स’ म्हणजे समोरच्याला काय काय येते ते विचारणे. उत्तरे तीन अंकी असतात. १८० म्हणजे घंटा वाजत आहे, २०० म्हणजे मान्य, ४०४ म्हणजे असा कोणी येथे नाही, ४८६ म्हणजे येथे काम चालू आहे, ६०३ म्हणजे स्पष्ट नकार. इतकी सुबोध भाषा अंमलात आणणे अवघड का जावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

पहिली अडचण हीच की, ती वाचायला सोपी आहे. जी भाषा माणसाला वाचता येते, तिच्यात रूपवैविध्य शिरतेच. सिपमध्ये शीर्षकाचे नाव लहान लिपीत लिहा की मोठ्या, अर्थ एकच. परंतु क्रियापदाच्या बाबतीत तो भेद पाळावा लागतो. ‘फ्रॉम’ हे शीर्षक पूर्ण लिहिता येते आणि ‘एफ’ या एकाच अक्षरानेही लिहिता येते. एक ओळ मध्येच मोडून पुढील ओळीवर नेता येते. पुढील ओळीच्या आरंभी मोकळी जागा असली की ती मागील ओळीचाच भाग समजावयाची. अनेक पत्ते एका ओळीत स्वल्पविरामांनी जोडा किंवा प्रत्येकासाठी स्वतंत्र ओळ लिहा, दोन्ही शुद्ध. परिणामी एकाच निमंत्रणाची शेकडो शुद्ध रूपे होऊ शकतात. ज्याने आज्ञावली लिहिताना त्यांतील नेहमी आढळणारी चार-दोन रूपेच पाहिली, त्याचे यंत्र पाचव्या रूपापाशी अडखळते. ही अडचण इतकी सार्वत्रिक ठरली की, मे २००६ मध्ये आर.एफ.सी. ४४७५ या क्रमांकाने केवळ ‘छळाचे’ नमुना-संदेश एकत्र करून प्रसिद्ध करण्यात आले. त्यांतील काही संदेश दिसायला विक्षिप्त पण व्याकरणशुद्ध आहेत. काही दिसायला साधे पण अशुद्ध आहेत. भाषेच्या परीक्षकाने मुद्दाम अपवादांवरच प्रश्न काढावेत, तसा हा प्रकार होय.

मराठी वाचकाला जवळची अशी दोन उदाहरणे येथे देतो. सिपच्या संदेशांतील लिपीसाठी यूटीएफ-८ ही पद्धत २००२ च्या पाठातच विहित केलेली आहे. म्हणजे देवनागरीला तेथे मुळीच मज्जाव नाही. परंतु बोलावणाऱ्याचे नाव अवतरणचिन्हांवाचून लिहावयाचे असल्यास त्यात रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे एवढीच चालतात. देवनागरी नाव अवतरणचिन्हांतच घालावे लागते. ज्याने केवळ इंग्रजी नावांनीच आपली आज्ञावली पारखली, त्याला हा नियम मोडल्याचे कधीच कळत नाही. कारण इंग्रजी नाव चिन्हांवाचूनही शुद्धच असते.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. संदेशाच्या मजकुराची लांबी त्याच्या शीर्षभागात लिहावी लागते, आणि ती बाइटांत मोजावयाची असते. ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. आपण म्हणू, यात न, म, स्का, र ही चार अक्षरे आहेत. संगणकाच्या वर्णसारणीप्रमाणे हलन्ताचे चिन्ह व काना वेगळे धरून तेथे सात वर्ण होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. म्हणून लांबी एकवीस. आज्ञावली लिहिणाऱ्याने वर्ण मोजून सात लिहिले, तर अखंड प्रवाहाने संदेश वाहणाऱ्या जोडणीवर वाचणारे यंत्र सात बाइट उचलते आणि उरलेल्या चौदा बाइटांना पुढील संदेशाचा आरंभ समजते. मग तोही संदेश अशुद्ध, त्याच्या पुढचाही अशुद्ध. इंग्रजीत एक अक्षर, एक वर्ण व एक बाइट ही तिन्ही एकच असल्यामुळे तेथे ही चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. अक्षर म्हणजे काय, हा आपल्या व्याकरणातला जुनाच प्रश्न येथे यंत्राच्या दारात येऊन उभा राहतो.

४. संभाषणाची आकांक्षा

वाक्याचा अर्थबोध होण्यास आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता व सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असावी, पदांचे अर्थ परस्परांशी जुळावेत, आणि ती पदे फार काळ न दवडता एकामागून एक यावीत. सिपच्या संभाषणालाही या तिन्ही अटी लागू पडतात. निमंत्रणाला उत्तराची आकांक्षा असते. उत्तर त्या अवस्थेला योग्य असावे लागते. जे संभाषण सुरूच झाले नाही त्याचा निरोप घेता येत नाही. आणि उत्तर ठराविक अवधीत यावे लागते.

हा अवधी कसा ठरवितात ते पाहू. सिपचे संदेश पुष्कळदा यूडीपी या पद्धतीने पाठवितात. तीत पॅकेट पोहोचेलच अशी हमी नसते. म्हणून उत्तर न आल्यास पाठविणाऱ्यानेच संदेश पुन्हा पाठवावयाचा. पहिली प्रतीक्षा अर्ध्या सेकंदाची, दुसरी एका सेकंदाची, तिसरी दोनची, याप्रमाणे दुप्पट होत जाते. अशा रीतीने निमंत्रण सात वेळा पाठवून झाल्यावर, पहिल्या प्रेषणापासून बत्तीस सेकंदांनी, पाठविणारा आशा सोडतो. अर्ध्या सेकंदाची चौसष्ट पट म्हणजे हे बत्तीस सेकंद. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

निमंत्रणाच्या व्यवहारात तीन पावले असतात. ‘येता का?’ ‘येतो.’ ‘आपला होकार पोचला.’ तिसरे पाऊल, म्हणजे ‘अ‍ॅक’, वरवर अनावश्यक वाटते. परंतु निमंत्रण स्वीकारून माणूस फोन उचलीपर्यंत अनेक सेकंद जातात, आणि त्याचा होकार वाटेत हरवला तर दोन्ही टोके वेगवेगळ्या समजुतीत राहतात. म्हणून होकाराचीही पोच लागते, आणि ती येईपर्यंत होकार देणारा आपला होकार पुन्हा पुन्हा पाठवीत राहतो.

येथेच या भाषेतील एक अवघड जागा आहे. ‘अ‍ॅक’ हा शब्द एक असला तरी त्याचे अर्थ दोन आहेत. उत्तर नकाराचे असेल तर पोच त्याच व्यवहाराचा भाग समजतात व ती निमंत्रण ज्या वाटेने गेले त्याच वाटेने जाते. उत्तर होकाराचे असेल तर पोच हा एक स्वतंत्र व्यवहार होतो; होकार देणाऱ्याने आपल्या उत्तरात ‘मला येथे भेटा’ म्हणून जो पत्ता लिहिला असेल, त्या पत्त्यावर ती धाडावयाची. एकाच शब्दाची ही दोन कार्ये ज्याने नीट वेगळी केली नाहीत, त्याचे यंत्र अर्धवट शुद्ध बोलते. खुद्द २००२ च्या पाठात होकारानंतरच्या व्यवहाराची मांडणी सदोष राहिली होती. ती २०१० साली आर.एफ.सी. ६०२६ ने दुरुस्त करावी लागली.

याखेरीज वेळेच्या सूक्ष्म फरकाने उद्भवणारे पेच आहेत. बोलावणाऱ्याने कंटाळून निमंत्रण मागे घेतले आणि नेमक्या त्याच क्षणी समोरच्याने फोन उचलला, तर ‘कॅन्सल’ व ‘मान्य’ हे दोन संदेश वाटेत एकमेकांना ओलांडून जातात. अशा वेळी बोलावणाऱ्याने होकाराची पोच द्यावी व लगेच निरोप घ्यावा, हा नियम आहे. तो विसरला गेल्यास एका टोकाला संभाषण चालू व दुसऱ्या टोकाला संपलेले, अशी स्थिती होते. एकाच क्रमांकावर घरातील दोन उपकरणे वाजत असून दोन्ही एकदम उचलली गेली, तर एका निमंत्रणाला दोन होकार येतात. दोघांनाही पोच देऊन एकाचा निरोप घ्यावा लागतो. चालू संभाषणात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बदल सुचविला, तर दोघेही एकमेकांना ४९१ हे उत्तर देऊन थांबतात. दारात दोन सभ्य गृहस्थांनी ‘आधी आपण’ म्हणत अडून राहावे, तसे हे होय. ही कोंडी फुटावी म्हणून, ज्याने संभाषणाची ओळखखूण प्रथम निर्माण केली त्याने २.१ ते ४ सेकंद थांबावे व दुसऱ्याने ० ते २ सेकंद थांबावे, असा नियम घातला आहे. ज्या प्रसंगात संदेश एकामागून एक शहाण्यासारखे येतात, त्या प्रसंगाची अंमलबजावणी थोड्या दिवसांत होते. वर्षे लागतात ती या आडप्रसंगांना.

५. ‘येथे’ या शब्दाचा प्रश्न

‘मी’, ‘येथे’, ‘आज’ या शब्दांचा अर्थ बोलणारा कोण, कोठे व केव्हा बोलतो यावर अवलंबून असतो, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगावयास नको. ‘मी येथे आहे’ असे पत्रात लिहिले आणि पाकिटावर गावाचे नाव नसले, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. इंटरनेट दूरध्वनीतील सर्वांत त्रासदायक अडचण नेमकी याच जातीची आहे.

इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९६ साली आर.एफ.सी. १९१८ ने काही पत्ते खाजगी वापरासाठी निश्चित करून ठेवले. ‘१९२.१६८’ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. ते लाखो घरांत व कचेऱ्यांत एकाच वेळी वापरले जातात. घराबाहेर त्यांना अर्थ नाही. ‘वरची खोली’ हे शब्द घरातल्या माणसाला पुरतात, टपालवाल्याला पुरत नाहीत, तसेच हे आहे. घरातील यंत्राचे पॅकेट बाहेर पडताना दाराशी बसलेला राउटर पाकिटावरील खाजगी पत्ता खोडून तेथे आपला सार्वजनिक पत्ता घालतो.

परंतु सिपमध्ये पत्ता केवळ पाकिटावर नसतो. तो पत्राच्या आतही असतो. उत्तरे कोणत्या वाटेने यावीत, पुढील संदेश कोठे पाठवावेत, आवाज कोठे पाठवावा, हे सर्व आतील मजकुरात लिहिलेले असते. राउटरने पाकिटावरचा पत्ता बदलला तरी आतला ‘येथे’ तसाच राहतो. मग घंटा वाजते, फोन उचलला जातो, आणि एका बाजूचा आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही. इंटरनेट दूरध्वनी वापरणाऱ्या पुष्कळांनी ही एकतर्फी शांतता अनुभवली असेल.

यावर उपाय झाले, आणि प्रत्येक उपायाने नवी गुंतागुंत आणली. २००३ साली ‘स्टन’ ही युक्ती निघाली. यंत्राने बाहेरील एका सर्व्हरला विचारावे की, मी तुला कोणत्या पत्त्यावरून बोलताना दिसतो? उत्तर येईल तोच आपला सार्वजनिक पत्ता समजून पत्रात लिहावा. परंतु काही राउटर प्रत्येक नव्या श्रोत्यासाठी वेगळे दार उघडतात; तेथे सर्व्हरला दिसलेला पत्ता तिसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. २००८ साली या युक्तीची फेरमांडणी झाली तेव्हा ‘स्टन’ हे लघुनाम तसेच ठेवून त्याचा विस्तार बदलण्यात आला. आरंभी ज्याला मार्ग काढण्याची पूर्ण रीत मानले, ते पुढे एक साधनमात्र ठरले, याची ही कबुलीच होय. मग आवाज तिसऱ्या ठिकाणाहून फिरवून नेणारे ‘टर्न’, आणि दोन्ही बाजूंनी आपले सर्व संभाव्य पत्ते मांडून जोड्या लावून पाहण्याची ‘आइस’ ही पद्धत, अशी २०१० साली भर पडली.

काही राउटर बनविणाऱ्यांनी याहून वेगळी वाट धरली. राउटरनेच पत्र फोडावे व आतील पत्ताही बदलावा, अशी सोय त्यांनी केली. हेतू चांगला होता. परंतु त्यांच्या आज्ञावलीला सिपचे व्याकरण अर्धवटच अवगत असे. एक पत्ता बदलला व दुसरा राहिला, किंवा पत्ता बदलल्याने मजकूर लांबला पण शीर्षभागातील लांबी तशीच राहिली, असे प्रकार घडले. ज्याला भाषा पुरती येत नाही अशा लेखनिकाने पत्र ‘सुधारावे’ आणि त्यामुळेच ते वाचता येऊ नये, अशी ही गत झाली. म्हणून अनेक ठिकाणी ही सोय बंद करणे हाच पहिला उपचार सांगतात.

६. विध्यर्थाचा गोंधळ

वरील अडचणी वाचून कोणी म्हणेल की, नियम पुरेसे स्पष्ट लिहिले म्हणजे झाले. परंतु नियम लिहिण्याचीही एक भाषा असते. इंटरनेटच्या नियमपत्रांत ‘मस्ट’, ‘शुड’ व ‘मे’ या इंग्रजी सहायक क्रियापदांचे अर्थ १९९७ साली आर.एफ.सी. २११९ ने बांधून दिले आहेत. पहिल्याने सक्ती दर्शवावयाची. दुसऱ्याने अशी शिफारस की सबळ कारण असल्यास व परिणाम ओळखून असल्यास ती मोडता येते. तिसऱ्याने केवळ मुभा. मराठीत ‘करावे’ हे विध्यर्थी रूप आज्ञा, उपदेश व इच्छा या तिन्ही छटा वाहते. ‘केलेच पाहिजे’ व ‘केले तरी चालेल’ असे वेगळे म्हणून तो भेद दाखवावा लागतो. इंग्रजीत तो भेद कागदावर पक्का झाला, तरी व्यवहारात झाला नाही. ज्याला काम लवकर संपवावयाचे असते, त्याला ‘शुड’ हा ‘मे’ सारखाच वाटू लागतो. आणि प्रत्येकाचे सबळ कारण निराळे असल्यामुळे प्रत्येकाचे यंत्रही निराळ्या तऱ्हेने वागते.

याला जोडूनच दुसरा एक जुना संकेत आहे. आपण बोलताना काटेकोर असावे, दुसऱ्याचे ऐकताना उदार असावे, हे तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० च्या सुमारास इंटरनेटच्या मूळ नियमपत्रांत घातले. माणसांच्या व्यवहारात हे शोभते. यंत्रांच्या व्यवहारात मात्र त्याचा एक परिणाम असा होतो की, एकाची चूक दुसऱ्याने खपवून घेतली म्हणजे ती चूक रूढ होते, आणि पुढे नव्याने येणाऱ्याला तीही शिकावी लागते. शिवाय एकाच अशुद्ध संदेशाचा दोन यंत्रांनी दोन प्रकारे अर्थ लावला, तर त्या फटीतून लबाडाला शिरता येते. पहारेकऱ्याने एक अर्थ वाचून आत सोडावे व आतल्याने दुसरा वाचून दार उघडावे, असा तो प्रकार आहे. या औदार्याच्या तोट्यांची साधकबाधक चर्चा २०२३ सालच्या आर.एफ.सी. ९४१३ मध्ये केलेली आहे.

भाषेचा नवा पाठ आल्यावर जुना पाठ बोलणारे एकाएकी नाहीसे होत नाहीत. २००२ च्या रचनाकारांनी यासाठी एक मौजेची तोड काढली. नव्या पाठाप्रमाणे चालणाऱ्या प्रत्येक यंत्राने आपल्या व्यवहार-खुणेच्या आरंभी ‘झेड-९-एच-जी-४-बी-के’ ही अक्षरे घालावीत, असे त्यांनी ठरविले. या अक्षरांना काही अर्थ नाही, आणि अर्थ नसणे हाच त्यांचा गुण. जुन्या पाठाच्या यंत्राकडून ती योगायोगाने येण्याचा संभव जवळजवळ नाही. गावच्या बोलीतील एखादा उच्चार ऐकून माणूस कोणत्या तालुक्याचा ते ओळखावे, तसे या सात अक्षरांवरून समोरचे यंत्र कोणत्या पिढीचे ते ओळखतात.

या सर्व भेदांवर कागदी उपाय पुरत नाही, हे या क्षेत्रातील लोकांनी लवकरच ओळखले होते. १९९९ साली कोलंबिया विद्यापीठात निरनिराळ्या यंत्रांचे कर्ते आपापली यंत्रे घेऊन जमले आणि त्यांनी ती प्रत्यक्ष परस्परांशी बोलवून पाहिली. पुढे असे मेळावे वारंवार भरत राहिले. भाषा ग्रंथाने शिकावी व बोलणाऱ्यांत बसून पक्की करावी, हा आपलाही अनुभव आहेच.

७. निरसन आणि निष्कर्ष

आता आमच्या बत्तीस सेकंदांकडे वळू. विभागातील एक्स्चेंज राउटरच्या आड, खाजगी पत्त्यावर बसलेले होते. निवेदकाचे निमंत्रण सेवा पुरविणाऱ्या संस्थेमार्फत येई, आम्ही फोन उचलीत असू, एक्स्चेंज होकार पाठवी. परंतु त्या होकारात ‘मला येथे भेटा’ म्हणून लिहिलेला पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा होता. होकार पलीकडे व्यवस्थित पोहोचे. पोच मात्र त्या पत्त्याकडे निघे आणि वाटेत नाहीशी होई. एक्स्चेंज पोच न मिळाल्यामुळे होकार पुन्हा पाठवी. अर्धा, एक, दोन व नंतर चार-चार सेकंदांच्या अंतराने, पहिला धरून अकरा वेळा. बत्तीस सेकंद पूर्ण झाले की नियमाप्रमाणे ते संभाषण संपवी. दरम्यान आवाज सुरळीत चाले. कारण आमचा आवाज ज्या दारातून येताना दिसे त्याच दारी परतीचा आवाज धाडण्याची तजवीज पलीकडच्या संस्थेने केलेली होती. आवाजाच्या बाबतीत दाखविलेल्या या समजूतदारपणामुळेच दोष इतके दिवस लपला. आणि आमची ओळ गुंतलेली असताना नकाराचे उत्तर जाई, तेव्हा सर्व व्यवहार बिनचूक होई. कारण नकाराची पोच, वर सांगितल्याप्रमाणे, आलेल्या वाटेनेच परत येते. म्हणजे आमचे यंत्र नकार उत्तम देत होते; त्याला होकार तेवढा नीट देता येत नव्हता.

येथे प्रत्येक यंत्राने आपल्या समजुतीप्रमाणे नियम पाळलेला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राउटरने पाकिटावरील पत्ता बदलला, पलीकडच्या सर्व्हरने सांगितलेल्या पत्त्यावर पोच धाडली, एक्स्चेंजने ठरलेल्या अवधीनंतर निरोप घेतला. दोष कोणा एकाच्या उच्चारात नव्हता. तो ‘येथे’ या शब्दाच्या अर्थाबद्दलच्या गैरसमजात होता. एक्स्चेंजला त्याचा सार्वजनिक पत्ता सांगणारी एक ओळ भरताच तो नाहीसा झाला.

हा विषय एका विभागापुरता असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. भ्रमणध्वनीच्या जाळ्यांची मानके ठरविणाऱ्या संघटनेने २००० साली सिपचीच निवड केली. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने केवळ चौथ्या पिढीचे जाळे सुरू केले; त्याला मागे वळून आधार घ्यावा असे दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीचे स्वतःचे जाळेच नव्हते. याचा अर्थ असा की, महाराष्ट्रातील कोट्यवधी लोक ज्याला साधा फोन समजतात, त्यामागे आज हीच संकेतभाषा उभी आहे. रुग्णवाहिका बोलावणारा, परगावच्या मुलाला हाक मारणारा, कचेरीत चौकशी करणारा, यांपैकी कोणालाही तिचे व्याकरण ठाऊक नसते व ते असण्याचे कारणही नाही. परंतु ती चुकली की त्यांना त्यात यंत्राची चूक दिसत नाही. समोरच्या माणसाने आपले बोलणे तोडले असेच त्यांना वाटते. दूरध्वनीवरील शांततेचा अर्थ माणूस नेहमी माणसाच्या भाषेत लावतो.

म्हणून अशी यंत्रे घडविणाऱ्या आपल्या तरुण अभियंत्यांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपली आज्ञावली देवनागरी नावांनी व मराठी मजकुराने अवश्य पारखावी. इंग्रजीच्या सोयीखाली झाकलेल्या कित्येक चुका त्यामुळे उघड होतील. आणि सुरळीत चाललेले संभाषण पाहून समाधान न मानता हरवलेली पोच, ओलांडून गेलेले संदेश, दोन होकार, अशा आडप्रसंगांची परीक्षा आधी घ्यावी.

दक्षिण कोकणातील त्या बाईंना आम्ही स्वतः दूरध्वनी करून झाला प्रकार सांगितला. फोन तुम्हीच ठेवीत होता, हे त्यांचे म्हणणे त्यांनी सोडले नाही. आणि वस्तुस्थिती पाहता ते खरेच होते, कारण संभाषण आमच्याच एक्स्चेंजने तोडलेले होते. नंतर त्यांनी ठरल्या वेळी फोन केला व भातलावणीची शब्दावली सांगितली. ते मुद्रण चाळीस मिनिटांचे असून विभागाच्या संग्रहात जमा आहे.